अंगावर दोन बनियन

अक्तीच्या दिवशी मोठेबाबांच्या क्वार्टरच्या अंगणात अतुलनं सगळ्यांदेखत शर्ट काढला, बनियन काढली आणि नळाखाली बसून आंघोळ केली. एवढीच गोष्ट. भर उन्हाळ्यात उघड्यानं आंघोळ करणाऱ्या पोराकडे कोण पाहतं? अंगणातल्या कुणीही पाहिलं नाही. अक्षय तृतीयेला आमच्याकडे अक्ती म्हणतात. पितरांना पान वाढायचं म्हणून दरवर्षी आम्ही रिसालीहून मोठेबाबांकडे, भिलाईच्या सरकारी पोलाद प्लांटच्या वसाहतीत, म्हणजे सेक्टरात, जेवायला जात असू. मोठीआई कुरड्या तळत होती. माझी आई पन्ह्यात गूळ विरघळवत होती. बाबा आणि मोठेबाबा आंब्याखाली खाट टाकून बसले होते. मी पायरीवर बसून त्या नळाकडे एकटक पाहत होतो. अतुलची छाती सपाट होती. पाटासारखी सपाट. त्यावरून पाणी कुठेही न अडता सरळ खाली वाहत होतं.

अतुल माझा चुलतभाऊ, मोठेबाबांचा धाकटा, माझ्याच वयाचा. शाळेच्या मधल्या वर्षांत मुलांचा आवाज फुटतो, मिसरूड फुटतं. आम्हा दोघांना त्यासोबत आणखी एक देणगी मिळाली. छातीवर दोन्हीकडे गाठी धरल्या आणि वाढत गेल्या, मुलींच्या वाढतात तशा. वयात येताना पुष्कळ मुलांचं असं होतं आणि बहुतेकांचं आपसूक जिरतं, हे मला आता माहीत आहे. आमचं जिरलं नाही. कॉलेजात जायची वेळ आली तरी जिरलं नाही. शाळेत मला जे नाव पडलं होतं ते मी इथे लिहीत नाही, लिहिलं तर पुन्हा पडेल. मी आत एक मापानं लहान, घट्ट बनियन घालायचो, तिच्यावर दुसरी नेहमीची, आणि वरून बाबांचा ढगळ शर्ट. भिलाईचा मे महिना ज्यानं पाहिला आहे त्याला ह्या पोशाखाचं मोल कळेल. पाठीवर घामोळं, काखेत घामोळं, आणि खांदे पुढे वाकवून चालायची सवय. ती सवय अजून गेलेली नाही. बायको अजूनही मागून येऊन पाठीत धपका मारते, सरळ चाला म्हणते.

अतुल आणि मी ह्याबद्दल एक शब्दही कधी बोललो नव्हतो, पण आम्हाला एकमेकांचं ठाऊक होतं. लग्नाकार्यातल्या प्रत्येक फोटोत आम्ही दोघे हाताची घडी घालून उभे आहोत. गावाकडे बाकीचे भाऊ तलावात उड्या मारत, तेव्हा आम्ही काठावर बसून त्यांचे कपडे राखायचो. कुणी विचारलं तर अतुल म्हणायचा, "मले सर्दी आहे," आणि मी म्हणायचो, "मलेही." मे महिन्यात सर्दी! पण दोघांची मिळून ती सर्दी खरी वाटायची. खरं सांगायचं तर अतुलबद्दल मला जे थोडंफार प्रेम होतं ते ह्या सर्दीपुरतंच होतं. बाकी सगळ्या बाबतींत मी त्याचा हेवा करायचो.

आणि हेवा करण्यासारखं त्याच्याकडे काय नव्हतं? मोठेबाबा भंडाऱ्याकडच्या आमच्या गावातून निघाले तेव्हा प्लांटात भरती चालू होती. बाबा लहान, ते मोठे होऊन आले तोवर दार बंद झालं होतं. एकाच आईची दोन लेकरं, एकाला सेक्टरातलं क्वार्टर आणि दुसऱ्याला ठेकेदाराची हजेरी, मग कितीतरी वर्षांनी रसमड्याच्या एका खाजगी कारखान्यात भट्टीवरची पक्की नोकरी. मोठेबाबांकडे लाईट जात नसे. आमच्याकडे रिसालीत ती गेली की आधी पंखा थांबे, मग बोरचा पंप, मग आईचं बोलणं. त्यांच्या अंगणात आंबा, जांब, कढीपत्ता. आमच्या बिनप्लास्टरच्या भिंतीपुढे एक तुळस, तीही शेजारणीची बकरी खाऊन जायची. पण खरी चीज होती ती त्यांचं मेडिकल बुक. जाड पुठ्ठ्याचं, घरातल्या सगळ्यांचे फोटो चिकटवलेलं. ते दाखवलं की प्लांटच्या दवाखान्यात सगळं व्हायचं, दातापासून मोतीबिंदूपर्यंत. आमच्याकडे ताप आला की आई आधी गवती चहा उकळायची, मग देवापुढचा अंगारा लावायची, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टर. हेवा मला कुणी शिकवला नाही. तो मी त्या क्वार्टरच्या नळाचं पाणी पिऊन पिऊन शिकलो.

तर त्या हिवाळ्यात अतुलचं काहीतरी ऑपरेशन झालं असं कानावर आलं होतं. "गाठ होती, काढली," एवढंच मोठीआईनं आईला सांगितलं होतं. कसली गाठ, कुठली गाठ, कुणी विचारलं नाही आणि मला शंकाही आली नाही. अक्तीला नळाखाली उलगडा झाला. जेवताना मोठीआईनं पुरणपोळीवर तूप ओतता ओतता उरलेलंही सांगून टाकलं. "आमचा अतुल तर डॉक्टरापुढं ढसाढसा रडलाच. दुखते म्हणे, बसमंदी धक्का लागते तं जीव जाते म्हणे. त्यायनं बुक पाहलं, भरती केलं, झालं. सकाळी दूध, संध्याकाळी सूप. काई काई म्हणून लागलं नाई आमाले." मी मान खाली घालून जेवत होतो. समोर अतुल उघडाच बसला होता, खांद्यावर पंचा टाकून, आणि कुरडई कडकडा चावत होता. त्यानं मला सांगितलंसुद्धा नव्हतं. मला कपडे राखायला काठावर एकट्याला बसवून तो गुपचूप पाण्यात उतरला होता.

परतताना बाबांच्या स्कूटरवर मी नेहमीसारखा मागे सरकून बसलो होतो, बाबांची पाठ आणि माझी छाती ह्यांच्यामध्ये डब्यांची पिशवी धरून. आई मोठीआईला भांडी घासू लागायला मागे राहिली होती. गतिरोधकावर स्कूटर उडाली आणि पिशवीतला डबा छातीला लागला. मी ओठ चावले. थोडं पुढे गेल्यावर बाबा मान न वळवता म्हणाले, "तुझंही करून घेऊ."

"काय?"

"तेच. अतुलचं केलं ते."

मला वाटलं जमीन दुभंगावी. बाबांना ठाऊक होतं! इतकी वर्षं मी दोन बनियन घालून ज्यांच्यापासून लपवत होतो त्यांना सगळं ठाऊक होतं. मी म्हणालो, "आपल्यापाशी कुठी बुक आहे?"

बाबांनी डावा हात हँडलवरून काढून शर्टाच्या खिशावर थोपटला. "कार्ड आहे ना आता."

त्या कार्डाची गोष्ट सांगायला हवी. बाबांच्या कारखान्यानं पक्क्या कामगारांचा आणि त्यांच्या घरच्यांचा आरोग्य विमा नुकताच उतरवला होता आणि प्रत्येकाला एक प्लास्टिकचं गुळगुळीत कार्ड मिळालं होतं. आमच्या तिघांच्या नावाची तीन कार्डं. बाबा ती सुटीच्या दिवशीही खिशात ठेवत. पानठेल्यावर सुटे पैसे काढताना आधी कार्डं बाहेर यायची, मग पैसे. मोठेबाबांनाही त्यांनी ते दाखवलं होतं, सहज म्हणून, पण मोठेबाबा बिडी शिलगावत नुसतं "हं" म्हणाले होते. तो "हं" बाबांच्या मनात कुठेतरी रुतून बसला असावा. आपल्या भावाचा हेवा करणारा घरात मी एकटाच नाही, हे मला त्या वयात कळलं नाही. बाबा बोलत नसत, एवढाच काय तो फरक.

बोलत नसत म्हणजे आमच्या घराण्यात दुखण्याबद्दल कुणीच बोलत नसे. आजोबांच्या मांडीत बैलाचं शिंग घुसलं तेव्हा त्यांनी धोतराची पट्टी बांधून उरलेलं शेत नांगरून टाकलं, ही गोष्ट आम्हाला, इतरांना रामाची सांगतात तशी, सांगितली जायची. बाबांचं तर मी डोळ्यांनी पाहिलं. एकदा भट्टीवर पातळ लोखंड उडून त्यांचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. हातावर ओला गमछा गुंडाळून ते घरी आले, पाटावर बसले आणि आईला म्हणाले, "वाढ." लाखोरीचं वरण, भात आणि अंबाडीची भाजी होती. आम्ही डाव्या हातानं भाकरी मोडली तरी चापट मारणारे बाबा त्या दिवशी डाव्या हातानं वरणभात कालवत होते. आईनं गमछा उचलून पाहिला आणि किंचाळली. बाबा म्हणाले, "काई नाई, बरं आहे." त्या हातावर अजूनही केस नाहीत, कातडी सुरकुतलेल्या प्लास्टिकसारखी चमकते. मी पडलो, खरचटलो की मलाही तेच विचारलं जायचं, "काई झालं?" आणि उत्तर ठरलेलं, "काई नाई, बरं आहे." रडणाऱ्या पोराला आमच्याकडे एकच नाव होतं. 'अतुल'. "अतुल झाला का रे?" असं आई म्हणायची आणि माझे डोळे वाळायचे.

दवाखान्यात जायच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. दुर्ग रस्त्यावरचा खाजगी दवाखाना. नाव सांगत नाही. काउंटरवरच्या मुलीपुढे बाबांनी माझं कार्ड ठेवलं आणि विचारलं, "पलंग कौनसा है?" पिशवीत माझे कपडे, पेला, चादर, आईनं दिलेले लाडू, सगळं भरून आणलं होतं. आयुष्यभर भावाचं मेडिकल बुक पाहिलेल्या माणसाला कार्ड म्हणजे तेच वाटलं होतं: दाखवायचं आणि झोपायचं. ती मुलगी हसली, पण वाईट हसली नाही. म्हणाली, "अंकल, ऐसे नहीं होता. पहले डॉक्टर देखेंगे, लिखेंगे, फिर इन्शुरन्सवालों को भेजेंगे. वो हाँ बोलेंगे तब भर्ती." बाबांनी चादरीची पिशवी हळूच पायामागे सरकवली.

डॉक्टर तरुण होते, चष्म्याचे, घाईत असलेले. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. मी शर्ट काढला, एक बनियन काढली, दुसरी काढली. दुसरी पाहून डॉक्टर क्षणभर थांबले. कुणापुढे उघडं व्हायची ती माझी कितीतरी वर्षांतली पहिली वेळ होती आणि पंख्याचं वारं छातीला लागलं तेव्हा मला लाजेपेक्षा आधी बरं वाटलं. मग त्यांनी गाठ बोटांनी दाबली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"दर्द होता है?"

बाबा मागे उभे होते. त्यांचा तो चमकणारा हात खुर्चीच्या पाठीवर होता, माझ्या कानाशी.

"नहीं सर."

"दबाने से?"

"नहीं सर."

"तो फिर ऑपरेशन क्यों करवाना है?"

मी म्हणालो, "अच्छा नहीं दिखता."

डॉक्टरांनी मान हलवली आणि जे मी सांगितलं ते सरळ लिहून घेतलं. त्यांची काहीच चूक नव्हती. दुखत होतं का? अहो, पालथं झोपता येत नव्हतं. कॉलेजची बॅग खांद्याला आडवी लावता येत नव्हती. बसमध्ये कुणाचं कोपर लागलं तर पोटात कळ जायची. पण बाबांच्या समोर "दुखते" म्हणणं म्हणजे अतुल होणं, आणि अतुल होण्याची मला किती इच्छा होती आणि किती चीड, ते मलाच ठाऊक.

उत्तर कारखान्याच्या ऑफिसातून आलं. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही. बाबा तो कागद घेऊन माझ्याजवळ आले आणि एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "हे काय आहे?"

"कॉस्मेटिक."

"म्हंजे?"

"म्हंजे नखरे, बाबा. पावडर-लाली लावतात तसं. दिसायसाठी."

बाबांनी त्या शब्दावरचं बोट उचललं. मग कागदाची घडी घातली आणि कार्डांसोबत खिशात ठेवली. आपल्या हातानं अवलक्षण मीच करून घेतलं होतं, पण माझा राग कुणावर होता? अतुलवर. पुढच्या रविवारी मोठीआई आमच्याकडे आली, आईनं तिला तांदळाच्या पिठाचा चीला करून वाढला, आणि चीला संपायच्या आत तिला सगळं कळलं. ती हसत म्हणाली, "भाऊजी, तुमचं कार्ड म्हंजे नुसता फोटोच हाय म्हणा." बाबाही हसले. मी आतल्या खोलीत होतो आणि मला ते हसू भिंतीपलीकडून ऐकू आलं. त्या हसण्यासाठी मी मोठीआईला अजून माफ केलेलं नाही. ती गेली त्याला आता वर्षं झाली, तरी नाही.

थोड्या दिवसांनी अतुल स्वतः आला. सायकल तुळशीजवळ भिंतीला टेकवून आत आला, खुर्चीत मागे रेलून बसला, छाती पुढे काढून. पूर्वी आम्ही दोघेही गुडघ्यांवर कोपरं टेकून बसायचो. त्याचं ते रेलणं मला पाहवेना.

"आई बोलली. रिजेक्ट झालं म्हणे?"

"हो."

"तूनं सांगितलं नाई का दुखते म्हणून?"

"नाई दुखत मले."

"चल बे," अतुल म्हणाला. "मेरे को मत सिखा. माझं दुखत होतं तं तुझं नाई दुखत? आपण दोघं काठावर काहून बसत होतो?"

पहिल्यांदाच तो त्याबद्दल बोलला होता. मला त्याचा इतका राग आला की कानशिलं गरम झाली. म्हणालो, "तू रडला म्हणून तुझं झालं. मले नाई रडता येत."

तो चिडला नाही. म्हणाला, "मी काई नाटक नाई केलं यार. डॉक्टरनं दाबलं, मी रडलो. बस." एवढं सांगून तो आईच्या हातचा चीला खायला स्वयंपाकघरात गेला. मी खोलीत बसून राहिलो. त्याच्या छातीचा हेवा मला होताच. पण त्या दिवशी मला कळलं की त्याहून मोठा हेवा मी त्याच्या रडण्याचा करत होतो. दाबलं, दुखलं, रडला, झालं. माणसाचं आयुष्य इतकं सरळ असू शकतं?

अतुलचं बोलणं बाबांनी ओसरीतून ऐकलं असावं. कारण दुसऱ्याच दिवशी त्यांनी कारखान्यातल्या बाबूला विचारलं आणि त्यानं सांगितलं की एकदा पुन्हा पाठवता येतं. डॉक्टरांनी त्रास काय आहे ते तपासून लिहायला हवं, सोनोग्राफी जोडायला हवी. बाबा मला म्हणाले, "उद्या जाऊ." बाकी काही नाही. ह्या खेपेला त्यांनी शर्टाला इस्त्री केली नाही आणि चादरही घेतली नाही.

डॉक्टरांनी जुना कागद काढला, वाचला, आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "पिछली बार तो आपने कहा था दर्द नहीं है."

"जी."

"और अब है?" त्यांचा आवाज कडक नव्हता, थकलेला होता. "देखिए, क्लेम रिजेक्ट होता है तो सबको दर्द शुरू हो जाता है. मैं झूठ नहीं लिखूंगा."

आता सांगा, काय बोलायचं? खरं बोललो तर खोटं वाटणार होतं आणि जुनं खोटं तर लिहून ठेवलेलंच होतं. त्यांनी दाबलं. मी दात आवळले, खुर्चीची कड धरली आणि छताकडे पाहिलं. "बोलिए," डॉक्टर म्हणाले. माझ्या तोंडून निघालं, "इतना नहीं, सर." संपलं, असं मला वाटलं. आता आयुष्यभर दोन बनियन. अतुल नळाखाली बसणार, तलावात उतरणार, लग्न करणार, आणि मी काठावर त्याचे कपडे राखणार.

तेव्हा मागून बाबा बोलले.

"साहब, ये झूठ बोल रहा है. पहले भी झूठ बोला था. दुखता है इसको."

"आपको कैसे मालूम?"

"छोटा था तो पेट के बल सोता था, अब नहीं सोता. गाड़ी पर बैठता है तो बीच में थैली रखता है. मेरे को पीठ पर मालूम पड़ता है ना, साहब, थैली है कि बच्चा है. गड्ढा आया तो इसकी साँस रुकती है." बाबांचं हिंदी एरवी भट्टीवरचं, तुटक. इतकी वाक्यं एका दमात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, मराठीतही नाही. "हमारे घर में बोलते नहीं, साहब. मैंने ही नहीं बोलने दिया."

डॉक्टरांचं लक्ष खुर्चीच्या पाठीवरच्या त्या हाताकडे गेलं. ते पुढे झुकले, हात आपल्याकडे वळवून पाहिला. "ये कब का है?"

"पुराना है. भट्टी का."

"दर्द हुआ था?"

मला उत्तर ठाऊक होतं. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी मनात म्हणूनही टाकलं, काई नाई, बरं आहे.  बाबा खाली पाहत म्हणाले, "हाँ साहब. बहुत दुखा. बहुत दिन दुखा."

डॉक्टरांनी हात सोडला आणि पुन्हा माझ्याकडे वळून गाठीवर बोट ठेवलं, ह्या वेळी हळू. मी "दुखते" म्हणालो. मराठीतच म्हणालो. डॉक्टरांना मराठी येत नव्हती, पण त्यांनी विचारलं नाही काय म्हणून. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं आणि मी ते पुसलंही नाही. बाबांनी पाहिलं, आणि मला अतुल म्हणाले नाहीत.

सोनोग्राफी झाली, कागद पुन्हा गेले, एक-दोन शंका विचारल्या गेल्या, आणि एक दिवस बाबा कारखान्यातून नेहमीपेक्षा लवकर आले. आई चुलीपाशी होती. त्यांनी खिशातून कार्ड काढून तिच्यापुढे धरलं. "चाललं," एवढंच म्हणाले. आईनं ओल्या हातानं ते कार्ड घेतलं आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. भरतीच्या दिवशी त्यावर हळदीकुंकवाचं बोट होतं आणि काउंटरवरच्या मुलीनं ते रुमालानं पुसून घेतलं. ऑपरेशनचं फारसं काही आठवत नाही. आठवतो तो छातीला आवळून बांधलेला पट्टा, आणि आईनं डब्यातून आणलेला मऊ भात, वर लाखोरीच्या वरणाची धार. आता मी स्वतःचा विमा दरवर्षी भरतो. एजंट फायदे सांगू लागला की मी त्याला थांबवतो आणि म्हणतो, आधी काय बसत नाही ते सांगा. तो मला खवट म्हातारा समजतो. समजू दे.

पट्टा सुटायच्या आधी अतुल भेटायला आला. हातात जांबांची पिशवी, त्यांच्याच झाडाचे. मी उशांना रेलून बसलो होतो, मागे, छाती पुढे काढून, मुद्दाम. त्यानं विचारलं, किती दुखलं, टाके किती, भूल कशी दिली. मी सगळं सांगितलं आणि ओघात डॉक्टरांच्या खोलीतलंही सांगितलं. अतुल जांब खात होता. तो थांबला.

"काका आत आले होते?"

"हो. दोन्ही वेळा."

"आणि हे सगळं त्यायनं सांगितलं? थैलीचं?"

"हो."

त्यानं हातातला अर्धा जांब पिशवीवर ठेवला. "आमचे बाबा बुक देऊन ड्यूटीवर चालले गेल्ते," तो म्हणाला. "मी रडलो तवा खोलीत कुणीच नव्हतं बे. नर्स होती. तिनं रुमाल देल्ला." मग म्हणाला, "त्यायले आजही नाई माहीत मी कोणत्या कुशीवर झोपतो."

बाहेर ओसरीत बाबा स्कूटर पुसत होते. अतुलनं दारातून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.  ती नजर मी ओळखली. अक्तीच्या दिवशी पायरीवर बसून मी त्या नळाकडे तसाच पाहत होतो.